क्षमा मागितली, पण मशीन तसंच चालू होतं



यावेळचा विषय बघून काहीजणी म्हणतील, ही आता सुतारकामावर लिहायला लागली की काय! खरंच तसं आहे. लाकडाचा भुसा ओढून घेणारं एक मशीन, त्याचा आवाज आणि तो आवाज अडवायला आम्ही बांधलेली लाकडी पेटी, एवढंच आज लिहिणार आहे. पण शेवटपर्यंत वाचा. विषय सुतारकामाचा दिसला तरी आपल्या व्रतांशी, शेजारधर्माशी आणि घरातल्या बाईनं वेळेवर तोंड उघडण्याशी त्याचा संबंध आहे. मी ते वेळेवर उघडलं नाही, हे आधीच कबूल करते.

आमचे हे शाळेतून निवृत्त झाले आणि लाकूडकामाला लागले. शाहूवाडीच्या आमच्या घराला खाली गाडीसाठी बांधलेली एक खोली आहे. गॅरेज म्हटलं तर आमच्याकडे लोकांना मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान वाटतं, म्हणून आम्ही तिला शेडच म्हणतो. गाडी अंगणात गेली आणि शेडमध्ये कटर, रंधा मशीन, ड्रिल आलं. ह्यांनी मंदिरात शास्त्र ठेवायला स्टँड केला, अभिषेकाला चौरंग केले, ओळखीच्या घरांत पाट दिले. रिकामं बसून टीव्ही बघण्यापेक्षा हे किती चांगलं, असं मी सगळ्यांना कौतुकानं सांगत होते.

मग खोकला सुरू झाला. ह्यांचा. रात्री झोपल्यावर अर्धा अर्धा तास. आधी वाटलं, पावसाळी हवा आहे. आंब्याच्या घाटाकडून पाऊस यायला लागला की आमच्याकडे चार महिने कपडे वाळत नाहीत, खोकल्याचं नवल ते काय? पण एके दिवशी पाणी गाळायचं कापड मी उन्हात झटकायला घेतलं, तर त्यावर बारीक पिवळसर पूड. शेड खाली, स्वयंपाकघर वर, मध्ये जिना. तरी ती धूळ तिथवर पोचली होती. जिथं पाण्यातला जीव जपायला आपण कापड दुहेरी धरतो, त्याच कापडावर लाकडाचा भुसा! आणि कापडावर दिसतो तेवढा भुसा, तर ह्यांच्या छातीत किती असेल?

इथं थोडी माहिती देते, कारण आपल्याकडे लाकडाची धूळ म्हणजे 'नैसर्गिक, तिनं काय होतंय' असं समजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ साली लाकडाची धूळ माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकली. मुख्यतः नाकाचा आणि नाकाजवळच्या पोकळ्यांचा कर्करोग. वर्षानुवर्षं तेच काम करणाऱ्या कारागिरांत तो दिसला. आपल्याला डोळ्यांनी दिसतो तो जाडा भुसा नाकातच अडकतो. सगळ्यात वाईट असते ती न दिसणारी, हवेत तासभर तरंगणारी पूड. केरसुणी मारली की ती खाली बसत नाही, उलट वर उठते.

ह्यांचा भाचा शिरोलीला फौंड्रीत कामाला आहे. तो म्हणाला, "मामा, आमच्याकडं धूळ ओढायला ब्लोअर असतात. तसलंच छोटं तुम्ही घ्या." अक्षय तृतीयेला दोन हॉर्सपॉवरचा डस्ट कलेक्टर आला. खाली मोटर आणि पंखा, वर कापडी पिशवी, खाली भुसा पडायला प्लॅस्टिकची पिशवी. कटरला पाइप जोडला की भुसा उडायच्या आधीच आत ओढला जायचा. खोकला महिनाभरात निम्म्यावर आला. मी मनोमन मशीनला हात जोडले.

पण आवाज! कटरचा आवाज मोठा असतो, पण तो एक फळी कापेपर्यंतच. हे मशीन मात्र एकदा सुरू केलं की काम संपेपर्यंत चालूच. विमान उडायच्या आधी धावपट्टीवर उभं असावं तसा एकसुरी घोंघाट. ह्यांची कामाची वेळ संध्याकाळी सहा ते आठ. आम्ही सूर्यास्ताआधी जेवतो, त्यानंतर सासूबाई सामायिकाला बसतात. दोन घडी, म्हणजे ४८ मिनिटं. ती ४८ मिनिटं त्यांच्या खोलीखाली मशीन घोंघावत असे. सासूबाई काही बोलल्या नाहीत. मला कळलं ते असं, की एकदा पहाटे चारला पाणी प्यायला उठले तर त्या अंधारात बसल्या होत्या. मी विचारलं, "एवढ्या पहाटे?" तर म्हणाल्या, "आता हीच वेळ बरी पडतीया." ८१ वर्षांच्या बाईनं मुलाच्या छंदासाठी आपली झोप बदलली आणि घरात कुणाला पत्ता नाही.

शेजारच्या ताईंचीही तीच गत. त्यांची आणि आमची भिंत लागून आहे आणि मशीन नेमकं त्या भिंतीला टेकवून ठेवलेलं. श्रावणात त्यांची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. एकदा त्यांनी भीत भीत विचारलं, "वहिनी, मशीन किती वेळ असतंय ओ?" मी काय सांगावं? "दोनच तास असतंय की. दिवसाच चालवतात." हे वाक्य मला आजही टोचतं. त्या तक्रार करत नव्हत्या, मदत मागत होत्या. मी हिशोब सांगितला.

खरं तर आवाजाचं काय होतं हे मला कुणी शिकवायला नको होतं. माझं माहेर इचलकरंजी. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी तिथं पहिला यंत्रमाग सुरू केला आणि पुढं गाव मागांचंच झालं. आमच्या लहानपणी गल्लीत घराला लागूनच खडखडाट. आमचे आप्पा मागावरच मोठे झाले. पन्नाशीत त्यांना बायकामुलांचं हळू बोलणं ऐकू येईना. मंदिरात महाराजांचं प्रवचन असलं की पुढं बसायचे आणि घरी येऊन आम्हालाच विचारायचे, "काय सांगितलं गं?" आमच्या माहेरची माणसं मोठ्यानं बोलतात म्हणून सासरी हसायचे. त्या मोठ्या बोलण्यामागं अर्धवट बहिरे झालेले कान होते, हे मलाही उशिरा कळलं. कानाच्या आत केसांसारख्या बारीक पेशी असतात. मोठ्या आवाजानं त्या मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. चष्मा लावून नजर सुधारावी तसं इथं होत नाही. यंत्र लावलं तरी मूळचं ऐकणं परत येत नाही.

आपण पाठशाळेत काय शिकलो? एकेंद्रिय जीवाला फक्त स्पर्श. मग रसना, मग घ्राण, मग डोळे आणि सगळ्यात शेवटी कान. कान मिळाले की जीव पंचेंद्रिय. धर्म ऐकायला मिळतो तो याच इंद्रियामुळे. एवढ्या पायऱ्या चढून मिळालेलं इंद्रिय आपण दोन तासांच्या हौसेसाठी स्वतःचं आणि दुसऱ्याचं बिघडवायचं? आणि डोळ्याला पापणी आहे, तोंडाला ओठ आहेत, कानाला झाकण नाही. ज्याला ऐकायचं नाही त्यालाही ऐकावं लागतं. म्हणून आवाज करणाऱ्याची जबाबदारी जास्त.

हे सगळं मला तेव्हा सुचलं नाही. मला सुचवलं ते शेजारच्या ताईंनी. दशलक्षण पर्व झालं, क्षमावाणी झाली. दरवर्षीप्रमाणे मी शेजारीपाजारी जाऊन आले. ताईंच्या दारात हात जोडून म्हटलं, "वर्षभरात काही दुखावलं असेल तर क्षमा करा." त्या जैन नाहीत, पण आमची पद्धत त्यांना माहीत आहे. दरवर्षी हसून चहा ठेवतात. यावेळी बाळाला खांद्यावर थोपटत म्हणाल्या, "क्षमा कसली ओ वहिनी. मशीन तर उद्या परत सुरूच होणार की."

मैत्रिणींनो, त्या रागानं बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसतं खरं ते बोलल्या. मी चहा न घेता घरी आले. ज्या चुकीची क्षमा मागतोय ती उद्या संध्याकाळी सहाला पुन्हा होणार, हे माहीत असून मागितलेली क्षमा म्हणजे काय? तो नुसता रिवाज झाला.

त्या रात्री मी ह्यांना सांगितलं. ह्यांनी काय केलं? दुसऱ्या दिवसापासून डस्ट कलेक्टर बंद. तोंडाला रुमाल बांधून कटर चालवायला लागले. शेजारी शांत, सासूबाई शांत आणि आठ दिवसांत खोकला परत. मी म्हटलं, हे काय चाललंय? तर म्हणे, "लोकांना त्रास नको." मला वाटतं, इथं आपल्या माणसांची मोठी गल्लत होते. स्वतःला त्रास करून घेतला की त्याग झाला, असं आपल्याला वाटतं. पण स्वतःच्या फुप्फुसात भुसा भरणं हे तप नाही. आपला जीव हाही जीवच आहे. एक हिंसा थांबवायला दुसरी सुरू करायची आणि तिला धर्म म्हणायचं, हे मला पटत नाही. आणि साधा रुमाल ती बारीक पूड अडवतही नाही.

म्हणजे प्रश्न असा: धुळीसाठी मशीन हवंच आणि मशीन आवाज करणारच. मग आवाज कुठं अडवायचा?

यावर शास्त्राच्या अंगानं मला काय वाटतं ते सांगते. श्रावकाला चार प्रकारची हिंसा सांगितली आहे: संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. ठरवून केलेली संकल्पी हिंसा पूर्ण सोडायची. चूल, शेती, धंदा यांत होणारी हिंसा गृहस्थाला पूर्ण टळत नाही, ती कमीत कमी करायची. बऱ्याचजणी इथं थांबतात. "उद्योग म्हटला की एवढं चालायचंच." पण पुढं अनर्थदंडविरती हे गुणव्रत आहे, त्याचा विसर पडतो. ज्या त्रासातून काहीच साधत नाही तो देऊ नये. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितलेत, त्यातला एक प्रमादचर्या. विनाकारण माती उकरणं, पाणी सांडणं, झाडपाला तोडणं, असा निष्काळजीपणा. शास्त्रात डस्ट कलेक्टर नाही हे मला माहीत आहे. पण माझी समजूत अशी: फळी कापताना होणारा आवाज हा उद्योगातला आहे. जो आवाज चार फळ्यांनी अडवता आला असता आणि आळसानं, कंजूषपणानं किंवा "चालतंय की" म्हणून अडवला नाही, तो प्रमाद. शेजारच्या बाळाची झोप मोडून आमच्या चौरंगाचा एक पायही जास्त चांगला झाला नव्हता.

आता आम्ही काय केलं ते सविस्तर लिहिते. कारण धर्माचं सगळे बोलतात, पेटी कशी बांधायची ते कुणी सांगत नाही.

पहिला सल्ला आला तो अंड्यांच्या ट्रेचा. इंटरनेटवर बघून पुतण्या म्हणाला, "काकी, अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे भिंतीला चिकटवा." आमच्या घरात अंड्यांचे ट्रे! सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. भाच्यानं समजावलं तेव्हा कळलं की धर्म बाजूला ठेवला तरी ते कुचकामीच आहेत. हलका पुठ्ठा आवाज अडवत नाही, खोलीतला घुमारा किंचित कमी करतो इतकंच. आणि लाकडाच्या भुशाशेजारी तो पेटायला एक ठिणगी पुरे. पातळ स्पंजच्या त्या नक्षीदार काळ्या शीटांचंही तसंच. गोधडी आणि भिंत यांच्यात जो फरक, तोच इथं. गोधडी आवाज शोषते, भिंत आवाज अडवते. पेटीला दोन्ही लागतं: बाहेरून वजनदार आणि आतून मऊ.

पहिलं काम फुकटात झालं. मशीन शेजाऱ्यांच्या भिंतीपासून काढून समोरच्या कोपऱ्यात नेलं, रस्त्याच्या बाजूला. मोटरची थरथर जमिनीतून आणि भिंतीतून पलीकडे जाते, म्हणून चाकांखाली जाड रबरी पॅड ठेवले आणि मशीन भिंतीला कुठंही टेकू दिलं नाही. एवढ्यानंच ताईंच्या घरातली भांड्यांची बारीक थरथर थांबली. मैत्रिणींनो, हे आम्ही पहिल्याच दिवशी करू शकलो असतो. एक रुपया लागला नसता.

मग पेटी. कोपऱ्याच्या दोन विटांच्या भिंती तयारच होत्या. उरलेल्या दोन बाजू आणि वरचं झाकण १८ मिलिमीटरच्या प्लायचं केलं, आतून जिप्सम बोर्डचा दुसरा थर दिला. वजन जितकं जास्त तितका आवाज कमी बाहेर पडतो. त्याच्या आत दोन इंच जाडीचा रॉकवूल, म्हणजे दगडापासून केलेला लोकरीसारखा थर. तो पेटत नाही, पण त्याचे तंतू अंगाला खाजतात आणि हवेत उडू नयेत, म्हणून वरून घट्ट सुती कापड ताणून लावलं. ते कापड शिवायचं काम माझ्याकडे होतं. या पेटीत माझाही हात आहे हे सांगायला मला आवडतं.

सगळ्यात मोठी चूक होते ती फटींमध्ये. आवाज पाण्यासारखा आहे. मोठी भिंत बांधा आणि खाली बोटभर फट सोडा, सगळी मेहनत वाया. भुशाची पिशवी काढायला जे दार ठेवलं, त्याच्या चारी बाजूंनी फ्रिजच्या दाराला असते तशी रबरी पट्टी लावली. पाइप जिथून आत जातो तिथली भोकं भरून घेतली.

पण पेटी पूर्ण बंद करूनही चालत नाही, आणि खरी गंमत इथंच आहे. हे मशीन जेवढी हवा ओढतं तेवढी बाहेर सोडतं. हवेला वाट दिली नाही तर ओढ कमी होते, धूळ परत खोलीत उडते आणि मोटर तापून जळते. म्हणून हवेसाठी एक वाट ठेवली, पण सरळ नाही. वाड्यात आत जायला वळणाचा बोळ असायचा, बाहेरच्याला आतलं दिसू नये म्हणून, तसा लाकडी बोळ केला, आतून रॉकवूल लावलेला, दोन वळणांचा. हवा वळत वळत निघून जाते, आवाज वळणावर मऊ भिंतीत जिरतो. आमचा पाइप पाच इंचाचा आहे. बोळाचं तोंड बारा इंच बाय आठ इंच ठेवलं, म्हणजे पाइपाच्या जवळजवळ पाचपट. वाट मोठी असली की हवा सावकाश जाते आणि शिट्टी वाजत नाही. पहिले आठ दिवस दर अर्ध्या तासानं दार उघडून मोटरला हात लावून बघितला. कोमट लागायची, चटका नाही. मग निर्धास्त झालो.

अजून एक बदल केला. कंपनीनं दिलेली कापडी पिशवी जाडीभरडी होती. जाडा भुसा अडायचा आणि बारीक पूड आरपार जाऊन खोलीत परत यायची. आपल्याला हे वेगळं शिकवायला नको! विरळ कापडातून पाणी गाळलं तर गाळलं असं आपण म्हणतो का? एक मायक्रॉनपर्यंत अडवणारा फिल्टर बसवला. आणि नियम केला, भुसा साठू द्यायचा नाही. आमच्या पावसात दमट भुशाला दोन दिवसांत बुरशी येते, त्यात किडे होतात. त्याआधीच पिशवी रिकामी करायची, म्हणजे जीव होणारही नाहीत आणि मरणारही नाहीत. शिवाय कोरड्या भुशाला आगीचं भय असतं, खिळा ओढला गेला आणि पंख्यावर आपटला तर ठिणगी पडते. म्हणून काम संपलं की पिशवी बघूनच शेड बंद.

फरक किती पडला? मोबाइलवरचं आवाज मोजायचं ॲप काही प्रयोगशाळेतलं यंत्र नव्हे. पण एकाच फोनवर, एकाच जागी, आधी आणि नंतर मोजलं तर अंदाज येतो. मशीनजवळ ८६ डेसिबल होते, पेटीनंतर ७२. सासूबाईंच्या खोलीत ६३ चे ४९. ताईंच्या घरी, बाळ झोपतं त्या खोलीत, ६१ चे ४६. आकडे थोडेसेच उतरलेत असं वाटेल, पण डेसिबलचा हिशोब वेगळा असतो. दहा डेसिबल उतरले म्हणजे आवाजाची शक्ती दहावा भाग झाली आणि कानाला तो साधारण निम्मा वाटतो. सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. म्हणजे "दिवसाच चालवतात" असं मी ताईंना ठसक्यात सांगितलं होतं, तेव्हाही आम्ही त्या आकड्याच्या वरच होतो.

खर्च सगळा मिळून नऊ हजारांच्या आसपास आला. मशीनला त्याच्या दुपटीहून जास्त दिले होते. तेव्हा कुणी हूं का चूं केलं नाही. पेटीचं म्हटल्यावर मात्र घरात चर्चा: "एवढ्याशा आवाजासाठी नऊ हजार?" मी म्हटलं, मशीन आपल्या सोयीचं होतं म्हणून ते स्वस्त वाटलं. पेटी दुसऱ्याच्या सोयीची आहे म्हणून महाग वाटतेय. यावर हे हसले आणि प्लाय आणायला निघाले.

पेटीनं सगळं सुटलं असं नाही. कटरचा आवाज आहेच. त्याला पेटी घालता येत नाही, माणसानं समोर उभं राहून काम करायचं असतं. म्हणून ह्यांनी कानाला मफ लावायला सुरुवात केली आणि वेळ बदलली. सकाळी दहा ते बारा कापाकापी, संध्याकाळी फक्त घासणं, जोडणं, पॉलिश. सासूबाई पुन्हा संध्याकाळी सामायिकाला बसतात. वेळेला पैसे लागत नाहीत, पण ती कुणाच्या सोयीची ते विचारावं लागतं.

काहीजणी म्हणतील, गावात मिरवणुकीत डॉल्बी छाती फाडतो, त्यापुढं तुमचं मशीन काय? माझं उत्तर साधं आहे. डॉल्बी मी बंद करू शकत नाही, आमचं मशीन करू शकते. दुसऱ्याच्या मोठ्या चुकीनं आपली छोटी चूक पुण्य होत नाही. आणि मनापासून सांगते, आपल्या पंचकल्याणकाच्या मांडवातले कर्णेही एकदा गावाच्या बाजूनं ऐकून बघा. मौनाचं महत्त्व सांगणारं प्रवचन गावभर कर्ण्यातून ऐकवायची गरज असते का?

दुसरं, "मशीनचं आपल्याला काय कळतंय, ते पुरुषांचं काम." मीही हेच म्हणत होते. पण बघा, मशीन पुरुष चालवतो तेव्हा तो मफ लावू शकतो, हवं तेव्हा बटण बंद करू शकतो. दिवसभर घरात असते ती बाई. वर झोपलेली सासू, शेजारची बाळंतीण, अभ्यासाला बसलेली पोर, यांच्या हातात बटण नसतं. त्यांच्या वतीनं बोलायचं ते घरातल्या बाईनंच. बोलायला मोटरचं ज्ञान लागत नाही. आणि घरात फक्त कटरच आवाज करतो असं थोडंच आहे? घरगुती गिरणी, पाण्याची मोटर, जनरेटर, जुना मिक्सर. माझं म्हणणं एवढंच, घरात कुठलंही मशीन यायच्या आधी तीन गोष्टी विचारा. ते कुणाच्या भिंतीला लागेल? कुणाच्या वेळेला चालेल? आणि त्याचा आवाज अडवायचा खर्च मशीनच्या किमतीत धरलाय का? तो धरला नसेल तर ते मशीन आपल्याला अजून परवडत नाही, असं समजा. कारण उरलेली किंमत शेजारी भरतोय.

पेटी झाली त्या दिवशी मी ताईंना बोलावून आणलं. मशीन चालू करून दार लावलं. त्या थोडा वेळ ऐकत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चालू हाय व्हय?" ह्यांना एवढा आनंद शाळेतून निवृत्तीचा सत्कार झाला तेव्हाही झाला नव्हता.

ताईंची लेक आता सासरी गेली. बाळ बसायला लागलंय म्हणे. पुढच्या क्षमावाणीला मी पुन्हा ताईंच्या दारात जाणार आहे. चुका आणखी असतीलच, माणूस आहे. पण त्या चहा ठेवतील तेव्हा यावेळी पिऊन येईन.

तुमच्या घरातलं कुठलं मशीन शेजाऱ्याच्या भिंतीला टेकलंय, ते आज संध्याकाळी एकदा हात लावून बघा. थरथर लागली तर आधी त्याला दोन हात पुढं ओढा. पेटीचं पुढं बघू.

उत्तम क्षमा.